पोस्टडॉकला मेरिट लिस्ट नसते

आजचा भाग खास नांदेड-लातूरच्या त्या पोरापोरींसाठी, ज्यांची सायन्समधली पीएचडी संपत आलीय आणि घरचे विचारतायत, "आता पुढं काय?" पुढं असतं पोस्टडॉक. दुसऱ्या संस्थेत जाऊन दोन-तीन वर्षं करायचं संशोधन.

लातूर पॅटर्ननं आपल्याला एकच हिशोब शिकवला: मार्क पडले की सीट. पोस्टडॉकला ना कटऑफ, ना राउंड. आणि हे सांगणारं माणूस आपल्याकडं कमी, त्याला कारण आहे. मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं १९५८ साली, तेही औरंगाबादला. त्याआधी हैदराबादचं उस्मानिया. नांदेडचं तर १९९४चं. बाहेर जाऊन आलेले सीनियर तयार व्हायलाच पिढ्या लागतात, असं मला वाटतं.

मग जागा मिळतात कशा? १९६१ची गोष्ट ऐका. गोविंद स्वरूप, मेनन, कुंडू आणि कृष्णन हे चार भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञ परदेशात काम करत होते. भारतात त्यांच्या विषयाची जाहिरात निघणार कुठून? विषयाचा गटच नव्हता. तेव्हा चौघांनी मिळून एक प्रस्ताव लिहिला: आम्ही परत येतो, अमुक काम करतो. तो भारतातल्या पाच ठिकाणी पाठवला. जानेवारी १९६२ मध्ये होमी भाभांची तार आली, गट सुरू करायचं ठरलंय म्हणून. १९६३ला स्वरूप मुंबईत टीआयएफआरमध्ये रुजू झाले. ऑस्ट्रेलियानं भेट दिलेल्या ३२ छोट्या डिश कल्याणला लावून सूर्य बघायला सुरुवात केली. पुढं उटी, आणि मग नारायणगावजवळ खोडदची जीएमआरटी, ४५ मीटरच्या ३० डिश!

अर्थात प्रत्येकाला भाभा भेटत नाहीत. त्याच काळात सीएसआयआरचा 'पूल' होता, १९५८चा. परदेशातून आलेल्या शास्त्रज्ञाला नोकरी मिळेपर्यंत पगार देणारा. म्हणजे शिकलेला माणूस रिकामा बसतो, हे सरकारलाही तेव्हाच कळलं होतं.

आजही मामला पत्राचाच आहे. राष्ट्रीय पोस्टडॉक फेलोशिपचा अर्ज करायचा तर मार्गदर्शक आधी शोधावा लागतो, तोही पीएचडी केली त्या संस्थेबाहेरचा. वयाची अट ३५. आमच्या आयटीत रेफरल चालतो, इथं अनोळखी शास्त्रज्ञाला ईमेल. पण "सर, काही व्हेकन्सी आहे का?" असा नको हं. त्यांचा एखादा पेपर वाचून, मी त्यात पुढं काय करीन ते अर्ध्या पानात लिहायचं. चौघांनी तेच केलं होतं.

आणि नांदेडच्या शेजारी, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला लायगो-इंडिया होतेय. एप्रिल २०२३ला केंद्रानं २,६०० कोटींची मंजुरी दिली. गुरुत्वीय लहरी मोजायला तिथं लेझरवाले लागतील, व्हॅक्यूमवाले लागतील, डेटावाले लागतील. पुण्याची आयुका, इंदूरचं आरआरकॅट आणि गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था यात आहेत. पहिले ईमेल तिकडं जाऊ द्या.