पिलांचा घास

पहिल्या पावसात तापीला गढूळ पाणी आले की नंदुरबारकडे बारीक मासळीचे वाटे लागतात. तळलेली ही मासळी आम्हीही चवीने खाल्ली. त्यात पिले किती, हे मात्र कधी विचारले नाही.

प्रश्न जुना आहे. गोड्या पाण्यातील मासळीवरच्या 1873 च्या अहवालात फ्रान्सिस डे या इंग्रज अधिकाऱ्याने बारीक जाळ्यांनी होणाऱ्या पिलांच्या नाशाची तक्रार केली होती. 1897 च्या कायद्याने स्फोटके व विष वापरून मासे मारणे गुन्हा ठरविले. जाळ्यांचे नियम मात्र प्रांतिक सरकारांवर सोडले. मरळीची जोडी आपल्या पिलांची राखण करते. पण लालसर पिलांचा थवा एकत्र फिरतो, म्हणून एका झोळीत सारा सापडतो.

दोष एकट्या जाळ्याचा नाही. 1972 मध्ये उकाई धरण पूर्ण झाले आणि नवापूर तालुक्यातील जमिनी बुडाल्या. पुढे सरदार सरोवराने अक्कलकुवा-धडगावकडील नर्मदाकाठ बुडविला. वाहत्या पाण्यातल्या महसीरचा आसरा गेला, तसा माणसाचाही. शेत गेलेल्याने जाळे उचलले, तर त्याला नुसता कायदा सांगून कसे भागेल? गिऱ्हाईक तर आपणच आहोत. पावसाळ्यात पिलांचा वाटा न घेणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.