बंदरात अडकलेला बॅटमॅन

परवा रात्री ताट वाढलेलं असताना आमचे चिरंजीव संगणकासमोर डोक्याला हात लावून बसले होते. दहावीच्या निकालाला अवकाश होता, क्रिकेटचा सामनाही नव्हता. म्हणून मी जरा भीतभीतच विचारलं, "काय रे, काय झालं?"

"काही नाही बाबा. पोर्ट वाईट आहे."

पोर्ट म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे भाऊचा धक्का येतो. मी पडलो बी.कॉम. 'वाहतुकीत माल खराब झाला तर नुकसान कोणी सोसायचं?' या प्रश्नाचं आठ मार्कांचं उत्तर मी एके काळी पाठ केलं होतं. तेव्हा मोठ्या उत्साहानं म्हणालो, "माल उतरवून घेताना नीट बघून सही केली होतीस का?"

चिरंजीवांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. सौभाग्यवतींनी आमटी पुन्हा गरम करायला नेली.

मग हळूहळू उलगडा झाला. आजोबा, मामा आणि आत्या यांनी वाढदिवसाला दिलेली पाकिटं दोन वर्षं साठवून साहेबांनी साडेतीन हजारांचा गेम घेतला होता. तोच गेम मित्राकडे टीव्हीला जोडायच्या डब्यावर, म्हणजे कन्सोलवर, झोकात धावत होता. आमच्या संगणकावर मात्र चार पावलं टाकली की जिना चढलेल्या माणसासारखा धापा टाकत उभा राहायचा. कन्सोलसाठी केलेला गेम संगणकावर आणून बसवणं म्हणजे पोर्ट. हा म्हणे गेल्या कित्येक वर्षांचा जागतिक प्रश्न आहे. त्या रात्री जेवता जेवता चिरंजीवांनी मला त्याचा इतिहास सांगितला. शाळेतला इतिहास त्याला इतका येत नाही.

मुळात दुखणं काय, तर कन्सोल सगळ्यांचा सारखा. २०१३ सालचा प्लेस्टेशन ४ घ्या. ८ जीबी मेमरी म्हणजे साऱ्या जगात तेवढीच. गेम करणाऱ्याला त्या डब्याची कुंडली पाठ असते. संगणकाचं तसं नाही. दर घरात निराळं यंत्र, निराळं कार्ड, निराळी मेमरी. आमच्या बँकेत एखादा रोखपाल खेड्यातल्या एकाच शाखेत पंधरा वर्षं काढतो आणि मग त्याची मुंबईला बदली होते, तशी त्या गेमची गत. माणूस हुशारच असतो. पण त्याला नव्या जागी चार दिवस काम शिकवावं लागतं. ते कोणी शिकवत नाही. तोही रडतो आणि खिडकीसमोरची रांगही रडते.

आणखी एक भानगड म्हणजे शेडर. चित्रावर उजेड कसा पडावा, सावली कशी दिसावी, हे सांगणाऱ्या या छोट्या आज्ञावल्या. कन्सोलचं यंत्र एकच, म्हणून त्या कारखान्यातूनच शिजवून पाठवता येतात. संगणकात ज्याच्या त्याच्या कार्डाप्रमाणे घरी शिजवाव्या लागतात. आधी शिजवून ठेवल्या नाहीत, तर ऐन मारामारीत गेम अडखळतो. पंगत बसल्यावर कुकर लावला की यजमानाचं जे होतं, तेच.

पण मनात आणलं तर सगळं जमतं, हे १९९० सालीच सिद्ध झालं होतं. अमेरिकेत सॉफ्टडिस्क नावाच्या कंपनीतल्या जॉन कार्मॅक आणि टॉम हॉल या दोन नोकरदारांनी एका रात्रीत 'सुपर मारिओ ब्रदर्स ३'चा पहिला टप्पा साध्या पीसीवर चालवून दाखवला. त्या काळच्या पीसीवर चित्र इतकं सफाईनं सरकत नसे. पुढे शनिवार-रविवारी ऑफिसचेच संगणक घरी नेऊन मंडळींनी नमुना पुरा केला आणि निन्टेन्डोकडे पाठवला. (आमच्या बँकेत पेनसुद्धा दोरीनं बांधलेलं असतं!) निन्टेन्डोनं नम्रपणे नकार दिला. त्या मंडळींनी मग त्याच युक्तीवर 'कमांडर कीन' काढला आणि १९९३ साली 'डूम' काढून जग गाजवलं. तात्पर्य, माल उत्तम होता तेव्हा बंदरानं तो घेतला नाही.

पुढे बंदर खुलं झालं आणि काय वाटेल ते उतरू लागलं. 'रेसिडेंट एव्हिल ४' हा गाजलेला गेम २००७ साली पीसीवर आला, तो माउसशिवाय! पिस्तूल रोखायचं, पण माउस चालायचा नाही. वाजतगाजत गणपती घरी आणावा आणि उंदीर मूर्तिकाराकडेच राहावा, अशातली गत.

'डार्क सोल्स' पीसीवर यावा म्हणून हजारो लोकांनी अर्जावर सह्या केल्या. पीसीचं काम आम्हाला नवं आहे, अशी कबुली करणाऱ्यांनी आधीच देऊन टाकली होती. ऑगस्ट २०१२ मध्ये गेम आला. तुमचा पडदा कितीही मोठा असो, आतलं चित्र १०२४ गुणिले ७२०चंच. ड्युरांटे असं टोपणनाव घेतलेल्या एका खेळाडूनं गेम बाजारात येताच त्यावर इलाज करून तो फुकट वाटला. विचार करा: गिऱ्हाइकानं पैसे मोजायचे, आणि दुरुस्तीही गिऱ्हाइकानंच करायची! 'निअर ऑटोमाटा' २०१७ साली पीसीवर आला. त्याचा इलाजही आधी एका खेळाडूनंच केला. कंपनीची दुरुस्ती आली जुलै २०२१ मध्ये. या बाबतीत मात्र आमची बँक मागे आहे असं कोणी म्हणू नये. आमच्या शाखेतला पंखा पाच वर्षं तसाच आहे.

मग आलं २०१५ साल. २ जूनला स्टीम या गेमच्या दुकानानं जाहीर केलं, की घेतल्यापासून दोन आठवड्यांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असाल, तर कोणत्याही कारणानं पैसे परत. २३ जूनला 'बॅटमॅन: आर्कम नाइट' आला. पीसीचं काम दुसऱ्याच कंपनीकडे सोपवलेलं. गोथम शहराचं रक्षण करणारा हा वीर पीसीवर स्वतःची मोटारसुद्धा सुरळीत चालवू शकेना. लोकांनी परतीची रांग लावली आणि दुसऱ्याच दिवशी वॉर्नर ब्रदर्सनं पीसीवरची विक्री थांबवली. बॅटमॅन पुन्हा बाजारात आला तो २८ ऑक्टोबरला. तरी तक्रारी उरल्याच, तेव्हा कितीही तास खेळलेला असो, वर्षअखेरीपर्यंत पैसे परत देऊ असं कंपनीला सांगावं लागलं.

तक्रारी तर वर्षानुवर्षं चालल्या होत्या. पण पैसे परत मागायची खिडकी उघडली, आणि एका दिवसात विक्री थांबली! माझ्या आठ मार्कांच्या उत्तरात हा मुद्दा नव्हता.

"म्हणजे प्रश्न सुटला," मी म्हणालो.

"कसला सुटतोय! २०२३ मध्ये 'द लास्ट ऑफ अस' आला. शेडर शिजण्यातच इतका वेळ जायचा की परतीचे दोन तास त्यातच संपताहेत, अशी लोकांची ओरड."

"मग तुझ्या साडेतीन हजारांचं काय?"

त्यानं पत्र लिहिलं होतं. त्याला आलेलं उत्तर मला दाखवलं. आपली तक्रार पोहोचली आहे, काम चालू आहे, आपल्या सहनशीलतेबद्दल आभारी आहोत. दुरुस्तीची वाट पाहता पाहता परतीची मुदत टळून गेली होती.

हे उत्तर मी कुठंतरी ऐकलं होतं. आठवेना. आणि मग घास हातातच राहिला. ते मीच दिलं होतं! आमच्या बँकेतली खाती नव्या यंत्रणेवर नेली, म्हणजे आमचंही पोर्टच झालं, तेव्हा एका पेन्शनर आजोबांचं पेन्शन काही दिसेना. मी रोज सांगायचो, "सिस्टीम स्लो आहे, उद्या या." तिसऱ्या दिवशी ते काठी टेकत आले आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, नवीन यंत्र तुम्ही बसवलंत. मग चकरा मी का मारायच्या?"

हे मी चिरंजीवांना सांगितलं. का सांगितलं कोण जाणे.

"मग तुम्ही काय केलंत, बाबा?"

"मी... त्यांना खुर्ची दिली. चहा पाजला."

"आणि पेन्शन?"

"ते आणखी चार दिवसांनी दिसलं."

चिरंजीव ताटावरून उठले. हात धुता धुता म्हणाले, "म्हणजे तुम्हीही पॅचच मारलात."