सूज उतरवणारं जेल त्वचेतून आत कसं जातं? 'नॅनो' शब्दामागचं विज्ञान

पाय मुरगळला किंवा गुडघा सुजला की आपण मेडिकलमधून वेदनाशामक जेलची ट्यूब आणतो आणि चोळतो. काही ट्यूबवर 'नॅनो' असंही लिहिलेलं असतं. आता प्रश्न असा, की या शब्दासाठी जास्त पैसे मोजावेत का? उत्तर शोधण्यासाठी आधी औषध त्वचेतून कसं जातं, ते समजून घेऊया.

गोळी असताना जेल कशाला?

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, किटोप्रोफेन ही सूज कमी करणारी औषधं. दुखापत झालेल्या जागी शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार करतं, त्यामुळे सूज आणि वेदना वाढतात. ही औषधं त्या रसायनांची निर्मिती रोखतात. पण हीच रसायनं जठराच्या अस्तराचं रक्षण करतात आणि किडनीचा रक्तपुरवठा सांभाळायला मदत करतात. गोळी रक्तातून सगळीकडे फिरते, म्हणून कुणाला अ‍ॅसिडिटी, कुणाला अल्सर, कुणाला किडनीचा त्रास होऊ शकतो.

जेलमुळे हा धोका बराच कमी होतो. 1 टक्का डायक्लोफेनॅक जेल एका गुडघ्यावर दिवसातून चार वेळा, प्रत्येक वेळी 4 ग्रॅम लावलं, तर रक्तात पोचणारं औषध गोळ्यांच्या तुलनेत साधारण 6 टक्केच असतं. अमेरिकेत या जेलला 2007 मध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीवर परवानगी मिळाली आणि 2020 मध्ये ते चिठ्ठीशिवाय विकायलाही मान्यता मिळाली.

मग अडचण कुठे येते?

अडचण त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरात आहे. हा थर जेमतेम 10 ते 20 मायक्रोमीटर जाड असतो, पण भक्कम असतो. विटांची भिंत डोळ्यांसमोर आणा. विटा म्हणजे मृत पेशी, आणि मधलं सिमेंट म्हणजे स्निग्ध पदार्थ. बाहेरचं काही सहज आत येऊ नये, हेच या भिंतीचं काम.

2000 साली बॉस आणि माइनार्डी या संशोधकांनी एक ढोबळ नियम मांडला: साधारण 500 डाल्टनपेक्षा जड रेणू निरोगी त्वचेतून सहसा आत जात नाही. डायक्लोफेनॅक जवळपास 296 डाल्टनचं आहे, म्हणजे ते या नियमात बसतं. पण आत जाता येणं वेगळं आणि पुरेशा प्रमाणात जाऊन तिथे टिकणं वेगळं. नॅनोचा उपयोग इथे होऊ शकतो.

नॅनो कण नेमकं काय करतात?

एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपला केस साधारण 80,000 नॅनोमीटर जाड असतो, तर औषध वाहणारे कण बहुतेक वेळा काही डझन ते काहीशे नॅनोमीटरचे असतात. लायपोसोम हा त्यातला जुना प्रकार. स्निग्ध रेणूंचा बारीक बुडबुडा आणि त्यात औषध, असं त्याचं रूप.

1980 मध्ये मेझेई आणि गुलशेखरम यांनी सशांच्या त्वचेवर एक स्टेरॉइड औषध साध्या रूपात आणि लायपोसोममध्ये घालून लावलं. लायपोसोममधलं औषध त्वचेत चार ते पाच पट जास्त साठलं.

पण एक गैरसमज काढून टाका. हे कण अख्खेच्या अख्खे पोहत गुडघ्यापर्यंत जातात, असं सहसा होत नाही. कणातली स्निग्ध द्रव्यं भिंतीतल्या 'सिमेंट'मध्ये मिसळतात आणि औषधाची वाट सोपी करतात. काही कण केसांच्या मुळांशी असलेल्या खळग्यांत जाऊन बसतात आणि तिथून औषध हळूहळू सोडू शकतात. चोळल्यामुळे ते त्या खळग्यांत जास्त खोल जातात. म्हणजे कण हा डिलिव्हरी बॉयसारखा: पार्सल दारात देतो, स्वतः घरात शिरत नाही.

कागदावर भारी, पण माणसांवर?

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते उदाहरण. म्युनिकच्या एका कंपनीने ट्रान्सफरसोम नावाच्या लवचीक बुडबुड्यांत किटोप्रोफेन भरून जेल बनवलं. गुडघ्याच्या संधिवाताच्या जवळपास 1,400 रुग्णांवर 12 आठवडे चाचणी झाली, तिचे निकाल 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. काही रुग्णांना औषधाचं जेल दिलं होतं, काहींना तेच बुडबुडे असलेलं पण औषध नसलेलं जेल. दोन्ही गटांना आराम पडला, मात्र औषधाचं जेल रिकाम्या जेलपेक्षा सरस ठरलं नाही!

याचा अर्थ नॅनो तंत्रज्ञान फसवं आहे, असा नाही. अर्थ एवढाच, की 'औषध त्वचेत जास्त गेलं' आणि 'रुग्णाचं दुखणं जास्त कमी झालं' ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिलं प्रयोगशाळेत दाखवता येतं, दुसरं फक्त माणसांवरच्या चाचणीत.

ट्यूब घेताना काय बघाल?

- ट्यूबवर औषधाचं नाव आणि टक्केवारी वाचा. 'नॅनो' हे औषधाचं नाव नाही.
- जाहिरातीत साध्या जेलशी माणसांवर तुलना केल्याचं सांगितलंय का ते बघा. फक्त 'खोलवर पोचतं' एवढं पुरेसं नाही.
- जखमेवर किंवा सोललेल्या त्वचेवर लावू नका. तिथे भिंतच नसते, औषध भलतंच आत जाऊ शकतं.
- किटोप्रोफेनचं जेल लावलेली जागा उन्हापासून झाकून ठेवा, नाहीतर त्वचेवर रिअ‍ॅक्शन येऊ शकते.
- वेदनाशामक गोळी आधीच चालू असेल, अल्सर किंवा किडनीचा त्रास असेल, किंवा गरोदरपण असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

साधं डायक्लोफेनॅक जेल तुम्हाला लागू पडत असेल, तर माझ्या मते फक्त 'नॅनो' या शब्दासाठी जास्त पैसे देण्याची गरज नाही.