नीरेचे पाणी आणि शिवारातले मीठ

महाराष्ट्रातील पाटबंधाऱ्यांचा इतिहास आपण बहुधा धरणांच्या आणि भिजलेल्या क्षेत्राच्या हिशेबात वाचतो. पाणी किती आले, ऊस किती झाला, हे त्यात सापडते. रानात मुरलेले पाणी पुढे कोठे गेले, हे सहसा सापडत नाही. आमच्या मते या इतिहासातील गाळलेले पान तेच आहे, आणि नीरेच्या खोऱ्यात ते स्पष्ट वाचता येते.

१८७६-७७च्या दुष्काळात दख्खन होरपळल्यानंतर भाटघरचे धरण आणि नीरा डावा कालवा आकाराला आले. १८८५ साली कालवा सुरू झाला. हेतू दुष्काळनिवारणाचा, पाणी जायचे ते बारामती-इंदापूरच्या अवर्षणी मुलखात. पण बऱ्या पावसाच्या वर्षी काळ्या जमिनीत ज्वारी पाटाच्या पाण्यावाचूनही येते. कोरडवाहू शेतकरी पाणी मागे तो पाऊस हुकला म्हणजे. सरकारला मात्र पाणीपट्टी दरवर्षी हवी होती. ती देणारे पीक म्हणजे ऊस. दुष्काळासाठी काढलेला कालवा अशा रीतीने बारमाही पिकाचा झाला.

काळी जमीन पाणी धरते भरपूर आणि सोडते फार सावकाश. पाटाचा पाझर आणि उसाला दिलेले जादा पाणी खाली साठत गेले, की भूजलाची पातळी वर चढते. ती पृष्ठभागाजवळ आली म्हणजे पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून वर ओढले जाते, उन्हाने उडून जाते, आणि त्यात विरघळलेले क्षार मागे राहतात. आधी रान चिबडते, मग त्यावर पांढरी पुटे चढतात. सोडियमचे प्रमाण वाढले की माती चोपण होते : ओली असता चिकट, वाळली की दगडासारखी.

१९१० साली, म्हणजे कालव्याला पंचवीस वर्षे होतात न होतात तोच, पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध केली. त्याआधीच विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत आणून उसाचा वाटा मर्यादित ठेवण्याचा आणि पाणी अधिक गावांत पसरवण्याचा मार्ग दाखवला होता. १९१६ साली मुंबई इलाख्याने सिंचनाच्या अभ्यासासाठी खास विभाग स्थापला. क्लॉड इंग्लिस यांनी तेथे दख्खनच्या कालव्यांवरील निचऱ्याचा प्रश्न हाताळला. खडकवासल्याच्या आजच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राचे मूळ या विभागात आहे. तेव्हा ज्ञान नव्हते, असे म्हणण्याची सोय आपल्याला नाही.

मग अडले कोठे? आम्हांला दोन कारणे दिसतात. पहिले विहिरीचे. विहीर उपसली की भूजल खाली जाते. ती सिंचनाबरोबर निचऱ्याचेही काम करते. पाटाचे पाणी दारी आल्यावर मोटेचे कष्ट कोण करणार? कालवा आणि विहीर यांचा हिशेब एकत्र मांडायला हवा होता. तो वेगवेगळा राहिला. दुसरे कारण अधिक बोचरे आहे. पाणी उताराने जाते. वरच्या अंगाचा शेतकरी उसाला मोकाट पाणी देतो आणि मीठ फुटते ते सखल भागातल्या शेतात. लाभ एकाचा, हानी दुसऱ्याची. आणि ज्याची जमीन गेली त्याने एकट्याने चर खणून भागत नाही, कारण तो चर ओढ्यापर्यंत न्यायचा तर शेजाऱ्यांच्या बांधांतूनच न्यावा लागतो.

हीच गोष्ट पुढे कृष्णा-पंचगंगेच्या काठी, सांगली-कोल्हापूरच्या उसाच्या पट्ट्यात घडली. तेथे शिरोळ परिसरात शेतकऱ्यांनी एकत्र येऊन जमिनीखाली सच्छिद्र नळ्या टाकल्या आणि पडीक रान पुन्हा पिकाखाली आणले. केवळ जिप्सम टाकून हे साधत नाही. सुटलेले क्षार वाहून जायला वाट लागते. ठिबकाने जादा पाणी टळते, पण साठलेले मीठ त्याने जात नाही.

नवा कालवा मागताना त्याच अर्जात निचऱ्याचा चर मागितला पाहिजे, आणि त्याचा खर्च पाणी वापरणाऱ्या साऱ्यांनी वाटून घेतला पाहिजे. पाण्याच्या न्याय्य वाटपाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. मिठाच्या वाटपाविषयी लिहायचे अद्याप राहिले आहे.