रेगननी सरकार खरंच लहान केलं का?

सरकार हा उपाय नाही, सरकार हीच अडचण आहे, अशा अर्थाचं रोनाल्ड रेगन यांचं वाक्य फोटोसकट व्हॉट्सअॅपवर दर चार-सहा महिन्यांनी फिरतं. खाली अंगठे, आणि "आपल्याकडे असा नेता पाहिजे". वाक्य खरं आहे. 20 जानेवारी 1981 च्या शपथविधीच्या भाषणातलं आहे. त्याआधी "सध्याच्या या संकटात" असे शब्द होते, ते फिरवणारे कापतात, पण ते सोडा. पुढची आठ वर्षं हा माणूस अमेरिकेचा अध्यक्ष होता. त्याच्याच फूटपट्टीने मोजू, सरकार लहान झालं का?

आधी माणूस. रेगन वाढले इलिनॉयमधल्या डिक्सन नावाच्या छोट्या गावात. 1930 च्या मंदीत त्यांच्या वडिलांना काम मिळालं ते सरकारच्याच मदत योजनेत. तरुणपणी रेगन रूझवेल्टचे भक्त होते, चार वेळा त्यांनाच मत दिलं. पुढे विचार पालटले. पण कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर झाल्यावर, 1967 मध्ये, तूट भरायला त्यांनी राज्यात भलीमोठी करवाढ केली. म्हणजे भाषण एक आणि तिजोरी एक, हा अनुभव त्यांना वॉशिंग्टनला जाण्याआधीच होता.

जे केलं त्याचं माप त्यांच्या पदरात टाकू. तेलाच्या दरावरचं नियंत्रण पहिल्या दहा दिवसांत उठवलं. प्राप्तिकराचा सर्वात वरचा दर 70 टक्के होता, तो आधी 50 आणि 1988 पर्यंत 28 वर आला. सरकारी नियम-अधिसूचना ज्यात छापतात त्या केंद्रीय राजपत्राची 1980 मध्ये 87 हजार पानं निघाली होती, 1986 मध्ये ती 47 हजारांच्या आसपास होती. हे खोटं नाही.

आता खर्च बघा. 1981 मध्ये केंद्र सरकारचा वर्षाचा खर्च सुमारे 678 अब्ज डॉलर होता, 1989 मध्ये 1,144 अब्ज. महागाई आणि वाढलेली अर्थव्यवस्था धरली तर हा वाटा थोडा घटला, जेमतेम टक्काभर. संरक्षण खर्च 158 अब्जांवरून 304 अब्जांवर गेला. रशियाशी स्पर्धा होती, ती गरज होती असं म्हणणारे म्हणतील. म्हणू दे. पण रणगाडा आणि क्षेपणास्त्रसुद्धा सरकारच विकत घेतं, ते काही खासगी क्षेत्रात मोडत नाही.

खरी गोष्ट पेन्शनची आहे. मे 1981 मध्ये रेगन सरकारने प्रस्ताव आणला की 62 व्या वर्षी लवकर निवृत्त होणाऱ्यांची सोशल सिक्युरिटी पेन्शन बरीच कापायची. सिनेटमध्ये बहुमत त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाचं. तिथे या कपातीविरुद्ध ठराव झाला, मतं पडली 96 विरुद्ध 0. स्वतःच्या पक्षातला एक माणूस बाजूने उभा राहिला नाही! कारण म्हातारे मतदान करतात, आणि न चुकता करतात. मग अॅलन ग्रीनस्पॅन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि 1983 मध्ये तोडगा निघाला: निवृत्तीचं वय हळूहळू 65 वरून 67, आणि पगारातून कापला जाणारा कर वाढवायचा. हा कर पहिल्या डॉलरपासून लागतो, आणि ठरावीक मर्यादेच्या वरच्या पगाराला लागतच नाही. म्हणजे कारकुनाची कपात वाढली आणि कंपनीच्या मालकाचा वरचा दर उतरला.

कात्री मग चालली कुठे? 1981 च्या कायद्यात एकट्या गरीब आयांना मिळणारी मदत, फूड स्टॅम्प, शाळेतलं जेवण. शाळेच्या जेवणाच्या नियमांचा एक मसुदा असा निघाला की त्यातून केचपलाही भाजी धरता येईल. देशभर हसं झालं, मसुदा गुपचूप मागे गेला. पण बाकीची कपात राहिली. ज्यांना ओरडता येत नव्हतं त्यांचं सरकार लहान झालं.

शेतकऱ्यांचं उलट. आपल्याला वाटतं अमेरिकेत सगळं बाजारावर सोडलेलं असतं. 1981 मध्ये पिकांच्या आधारभावाच्या योजनांवर तिथे सुमारे 4 अब्ज डॉलर गेले, 1986 मध्ये जवळपास 26 अब्ज. खुल्या व्यापाराचंही तेच. जपानी मोटारींची आयात दबाव आणून मर्यादित करून घेतली. आणि 1983 मध्ये हार्ले-डेव्हिडसनला वाचवायला मोठ्या आयात मोटरसायकलींवरचं शुल्क एकदम 45 टक्क्यांनी वाढवलं. हो, तीच हार्ले, जिच्यावरून पुढे भारताच्या आयात शुल्काबद्दल ट्रम्प यांनी आरडाओरडा केला.

राज्यांच्या अधिकारांबद्दल रेगन सतत बोलत. पण 1984 मध्ये सही केली ती अशा कायद्यावर की दारू पिण्याचं किमान वय 21 न करणाऱ्या राज्यांचा रस्ते-निधी कापला जाईल.

समर्थकांचं ठरलेलं उत्तर: लोकसभेसारखं जे प्रतिनिधीगृह आहे ते आठही वर्षं डेमोक्रॅटांकडे होतं, त्यांनी खर्च वाढवला. यात तथ्य आहे. पण अर्धंच. कारण राज्यघटनेत समतोल अंदाजपत्रकाची दुरुस्ती हवी म्हणणाऱ्या रेगननी त्या वर्षाचा जमाखर्च जुळणारं एकही अंदाजपत्रक संसदेकडे पाठवलं नाही. त्यांचे बजेट संचालक डेव्हिड स्टॉकमन 1985 मध्ये बाहेर पडले आणि पुढच्याच वर्षी ही क्रांती का फसली यावर अख्खं पुस्तक लिहिलं.

माझं मत विचाराल तर रेगननी सरकार लहान केलं नाही, सरकारचं बिल लहान केलं. तेही आजच्यापुरतं. उरलेलं उधारीच्या वहीत. ते आले तेव्हा देशाचं कर्ज साधारण 930 अब्ज डॉलर होतं, गेले तेव्हा सुमारे 2,700 अब्ज. लोकांना सेवा सगळ्या हव्या होत्या, कर नको होता, आणि दोन्ही एकदम देणारा माणूस लोकप्रिय होणारच. 1984 मध्ये 50 पैकी 49 राज्यं त्यांनी जिंकली.

ऊर्जा आणि शिक्षण ही दोन केंद्रीय खाती बंद करण्याचं त्यांचं वचन होतं. दोन्ही चालू राहिली. उलट ऑक्टोबर 1988 मध्ये माजी सैनिकांच्या संस्थेला पूर्ण खात्याचा दर्जा देणाऱ्या कायद्यावर त्यांनीच सही केली. तीन महिन्यांनी, 11 जानेवारी 1989 च्या निरोपाच्या भाषणात, कशाची खंत वाटते का या प्रश्नाला त्यांनी स्वतःच उत्तर दिलं. पहिलं नाव घेतलं ते तुटीचं.