पाऱ्याला विचारा

१९२४ सालचा हिवाळा. धुराची गाडी खंडाळ्याचा घाट चढून लोणावळ्याला थांबते आणि तुम्ही उतरता. मावळातली भातकापणी उरकली आहे. ऑक्टोबरात इथे कैवल्यधाम सुरू झालं, सोबत 'योगमीमांसा' हे त्रैमासिकही. चालवणारे स्वामी कुवलयानंद, म्हणजे पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे. योगाने काय होतं हे ते पोथीतून सांगतातच, पण त्यावर थांबत नाहीत. ते शरीरालाच विचारतात.

त्यांचा नौली या योगक्रियेवरचा प्रयोग बघा. प्रयोगातला माणूस श्वास बाहेर सोडून पोट आत ओढतो. मोठ्या आतड्याच्या टोकाशी एक नळी सोडलेली आहे, तिचं दुसरं टोक पाऱ्याच्या दाबमापकाला जोडलेलं. पोटाचे मधले स्नायू उभे राहतात आणि पारा सरकतो: आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी झाला! कुवलयानंद या पोकळीला आपल्या गुरूंचं, माधवदासांचं नाव देतात. नाव श्रद्धेतून आलं, पण पुरावा पाऱ्याचा. पुढे आसनांत रक्तदाब किती चढतो-उतरतो, हेही ते मोजून छापतात.

आता सात-आठ पावसाळे ओलांडा. १९३० नंतरची वर्षं. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातून कोवूर बेहनन इथे प्राणायाम शिकायला आले आहेत. परत गेल्यावर ते स्वतःच्याच श्वासाची मोजणी करतात. उज्जायी प्राणायाम करताना शरीर नेहमीपेक्षा सुमारे पाव हिश्शाने जास्त प्राणवायू खर्चतं. म्हणजे शांत बसून केलेल्या प्राणायामातही चयापचय वाढतो. 'सगळा योग म्हणजे विश्रांती' हा समज इथेच मोडतो. कोणत्या क्रियेने काय होतं, ते वेगवेगळंच तपासावं लागतं. जमिनीत पुरून घेऊन जिवंत राहण्याचा दावासुद्धा इथल्या करंबेळकर, विनेकर आणि भोळे यांनी हवाबंद खड्ड्यात तपासला आणि निष्कर्ष १९६८ साली छापले.

आता मुंबईत परळला चला, केईएम रुग्णालयात. १९६० च्या दशकाची अखेर आहे. तुम्हाला रक्तदाब आहे; डोकं दुखतं, झोप लागत नाही. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांच्या चमूत लोणावळ्याचे डॉ. विनेकरही आहेत. दंडावरचा पट्टा आवळतो, सैल होतो, आकडा लिहिला जातो. मग तुम्हाला शवासनात उताणं झोपवतात. पाय थोडे फाकलेले, हात अंगापासून जरा दूर. डोळे मिटा. श्वास पोटातून, संथ. आत घेतल्यावर क्षणभर थांबा, सोडल्यावर त्याहून जरा जास्त. लक्ष नाकपुड्यांवर ठेवा: आत येणारी हवा गार, बाहेर जाणारी ऊन. रोज अर्धा तास. जमायला तीनेक आठवडे लागतात.

तुमच्यासारखे ४७ रुग्ण आहेत. त्यांपैकी औषध न घेणाऱ्या दहा जणांचा सरासरी रक्तदाब १३४ वरून १०७ वर येतो. औषधाने दाब ताब्यात असलेल्या २२ जणांपैकी १३ जणांची औषधाची गरज सुमारे एक तृतीयांशावर येते. ज्यांचा दाब औषधांनाही दाद देत नव्हता अशा १५ जणांपैकी मात्र सहाच जणांना असा फायदा होतो. हे निष्कर्ष १९६९ साली 'अँजिओलॉजी' या नियतकालिकात छापले जातात.

दाब उतरण्यामागची वाट अशी समजली जाते: ताणात अधिवृक्क ग्रंथी अॅड्रिनलीन सोडतात, नाडी वाढते, रक्तवाहिन्या आवळतात. अंग आणि मन सैल सोडलं की हा जोर ओसरतो.

आजच्या कसोटीवर तो अभ्यास लहान आहे. पण फायदा न झालेल्यांचा हिशेबही त्याने झाकला नाही. मला लोणावळ्याचा हा वारसा मोलाचा वाटतो, आणि तो घरोघरी चालवता येण्यासारखा आहे. शवासन जरूर करा. दाब मोजा, तारखेसह लिहून ठेवा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. त्या रुग्णांची गोळी कमी झाली ती मोजमाप बघून. योगावर खरा विश्वास असेल, तर त्याला मोजणीची भीती कशाला?