प्रेअरीवरील पेरणीचे दिवस

वसंत म्हटला की आपल्याला आंब्याचा मोहर आणि चैत्रपालवी आठवते. आपल्या शेतकऱ्याला या दिवसांत थोडी उसंत असते. रब्बीची खळी उरकलेली असतात आणि मृगाला अवकाश असतो. कॅनडाच्या मॅनिटोबा, सस्कॅचेवन व अल्बर्टा या प्रांतांत प्रेअरी नावाचा जो सपाट गवताळ मुलूख आहे, तेथे मात्र वसंत म्हणजे वर्षाची सारी कमाई पणाला लावण्याचे दिवस होत. शेतीचे आम्ही जाणकार नव्हे. आमचे आयुष्य कामगार संघटनेत गेले. परंतु कष्ट करणाराचा तोटा शेवटी कोणाच्या माथी बसतो, हा प्रश्न आमच्या रोजच्या ओळखीचा आहे, आणि त्याच प्रश्नापोटी आम्ही या दूरच्या मुलखाचा इतिहास वाचू लागलो.

प्रथम तेथील हवामान पाहू. हिवाळ्यात जमीन कित्येक फूट खोल गोठते. एप्रिलात बर्फ वितळू लागते, पण वरचा थर मोकळा झाला तरी खालचा गोठलेलाच असतो. पाणी जिरत नाही, चिखल होतो. वापसा येईपर्यंत शेतकऱ्याने हात बांधून बसावे, आणि वापसा आला की वारा ओल उडवून नेण्याच्या आत पेरावे. एप्रिलच्या अखेरीपासून मे महिना संपेपर्यंत काय ती मुदत. बी लवकर टाकले तर थंड मातीत ते उगवायला फार दिवस लावते. उशिरा टाकले तर ओंबी चिकात असतानाच हिम पडण्याचे भय असते, कारण हिमाविना मिळणारे दिवस शंभराहून फारसे अधिक नसतात. शिवाय दक्षिण भागात वर्षाचा पाऊस आणि बर्फ मिळून पाणी 12 ते 16 इंच. चूक सुधारायला दुसरी पेरणी नाही.

या मुलखाची पाहणी 1857 ते 1860 या काळात जॉन पॅलिसर याने केली, आणि दक्षिणेचा कोरडा पट्टा शेतीस योग्य नाही असे मत दिले. पुढे काही वर्षे पाऊस बरा झाला आणि ते मत मागे पडले. 1871 पासून झालेल्या करारांनी मूळच्या रहिवाशांची भूमी सरकारकडे गेली आणि त्यांच्या वाट्याला राखीव तुकडे आले. 1872 च्या कायद्याने दहा डॉलर शुल्क भरणाऱ्यास 160 एकर जमीन मिळू लागली. जमीन स्वस्त होती. पण तिच्यासोबत मिळणारी जोखीम किती महाग आहे, हे त्या व्यवहारात लिहिलेले नव्हते.

या जोखमीवर पहिला उतारा सापडला तो पेरणी चुकल्यामुळे! 1885 साली मेटी व इतर मूळ रहिवाशांचा उठाव झाला, तेव्हा इंडियन हेड भागातील शेतकऱ्यांचे घोडे लष्करी वाहतुकीला लागले. घोडे परतले तेव्हा पेरणीची वेळ टळून गेली होती. म्हणून जमीन नुसती नांगरून पड ठेवली. पुढल्या वर्षी अवर्षण पडले, तरी त्या पड जमिनीत साठलेल्या ओलीवर पीक आले, असे सांगतात. अँगस मॅके यांनी पुढे सरकारी प्रयोगशेतावर या रीतीचा प्रसार केला.

दुसरा उतारा बियाण्याचा. रेड फाइफ हा गहू उत्तम, पण पिकायला वेळ लावणारा. आपल्या देशातील, कलकत्त्याच्या नावाने ओळखला जाणारा एक लाल कठीण गहू लवकर पिके. या दोहोंच्या संकरातून चार्ल्स सॉन्डर्स यांनी निवडलेला मार्क्विस गहू 1909 पासून शेतकऱ्यांना मिळू लागला. तो सुमारे आठवडाभर आधी पिके. हिम पडण्याआधीचा एक आठवडा म्हणजे कित्येक घरांचे वर्षाचे अन्न होय. हे काम सरकारी खर्चाने झाले, हे ध्यानात ठेवावे.

परंतु जे बियाण्याने साधले नाही, त्यासाठी माणसांना एकत्र यावे लागले. पेरणीसाठी काढलेले कर्ज सुगीला दारात उभे राही, आणि म्हणून मिळेल त्या भावाने गहू विकावा लागे. 1901 साली पीक भरघोस आले, पण रेल्वेचे डबे मिळेनात. ज्यांची मोठी कोठारे त्यांना आधी मिळत. तेव्हा इंडियन हेडच्या शेतकऱ्यांनी विल्यम मदरवेल यांच्या पुढाकाराने संघ स्थापिला. 1902 साली सिंटालुटा स्टेशनच्या एजंटावर खटला भरून तो जिंकला, आणि मागणीच्या क्रमाने डबे देण्याचा नियम पाळावा लागला. 1923-24 मध्ये तिन्ही प्रांतांत शेतकऱ्यांनी सहकारी गहू-संघ उभारले.

पुढे 1930 नंतरचे दशक आले. गव्हाचा भाव कोसळला, आणि त्याच वेळी अवर्षण. ओल राखण्यासाठी उघडी ठेवलेली तीच पड जमीन वाऱ्याबरोबर उडू लागली. वसंतात टाकलेले बी मातीसकट जाई. 1937 साली सस्कॅचेवनमध्ये एकरी सरासरी तीन बुशेलही गहू आला नाही. आभाळाचा दोष होताच. पण पॅलिसरने धोक्याचा म्हटलेला पट्टा नांगराखाली आणणारे धोरण आभाळाने आखले नव्हते. 1935 साली सरकारने जमीन सावरण्याचा कायदा केला, खराब जमिनीची सामुदायिक कुरणे केली, आणि त्याच वर्षी गहू मंडळही स्थापन झाले. 1943 पासून प्रेअरीचा गहू विकण्याचा एकाधिकार त्याच्याकडे होता. 2012 साली तो संपला. जमिनीच्या बाबतीत मात्र धडा टिकला. गेल्या काही दशकांत जुनी धसकटे तशीच राखून, नांगर न घालता पेरण्याची पद्धत रूढ झाली आणि उघडी पड पुष्कळ घटली.

हिम कधी पडावे हे कोणत्याही संघटनेला ठरवता येत नाही. परंतु कर्ज केव्हा वसूल करावे, डबा आधी कोणाला द्यावा, बियाण्याच्या संशोधनाचा खर्च कोणी सोसावा, हे सारे माणसेच ठरवतात. कोठेही पीक बुडाल्याची वार्ता वाचली म्हणजे पाऊस किती पडला हे जरूर विचारावे. पण तेवढ्यावर न थांबता त्या तोट्याची वाटणी कोणी ठरवली, हेही विचारीत जावे, एवढेच आमचे श्रोत्यांना सांगणे आहे.